हात वर करायचे दिवस

नोव्हेंबर अर्धा सरला की माझं डोकं फिरतं. तसं कारण काही नसतं. सुलतान बाजारात रस्त्याच्या कडेला स्वेटरवाले येऊन बसलेले असतात, सीताफळांच्या गाड्यांवर काळवंडलेली, फुटकी फळंच उरलेली असतात, सकाळी बादलीत हात घातला की अंगावर काटा येतो. लोकांना हे दिवस आवडतात. हैदराबादेत वर्षातले जे काय चार बरे दिवस मिळतात ते हेच. मला मात्र या हवेत एका परक्या साबणाचा वास येतो. हॉटेलातल्या छोट्या छोट्या वड्या, चकचकीत कागदात गुंडाळलेल्या, पाहुण्यांनी जाताना आईच्या हातात ठेवलेल्या. आईनं त्या कधी अंगाला लावल्या नाहीत. साड्यांच्या घड्यांमध्ये ठेवून दिल्या, आणि तिच्या साड्यांना शेवटपर्यंत तोच वास येत राहिला.

आम्ही मराठी ख्रिस्ती, तेही हैदराबादचे. हे सांगितलं की समोरच्याच्या कपाळावर आठी पडतेच. पुण्याहून इथं कंपनीत आलेले शेजारी विचारतात, मराठी, तर मग ख्रिस्ती कसे? तेलुगू ख्रिस्ती विचारतात, ख्रिस्ती, तर मग धोतर आणि झांजा कशाला? पूर्वी मी समजावत बसायची. आता नाही बसत. जालन्याकडचं आमचं गाव निजामाच्या राज्यात, त्यामुळे आमची राजधानी हैदराबाद, आणि पोटामागं माणूस राजधानीला येतोच. माझे वडील, अप्पा, जामबागेजवळच्या एका मराठी शाळेत मास्तर होते. राहायला आम्ही अंबरपेठेत. आठवडाभर अप्पा पोरांना मराठी शिकवायचे आणि रविवारी आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या उपासनेत पेटी वाजवायचे.

मंडळीला स्वतःची जागा नव्हती. तेलुगू लोकांची उपासना आटोपली की दुपारी त्यांचं देऊळ आम्हाला मिळायचं. आम्ही तेव्हा चर्चला देऊळच म्हणायचो. बाकं भिंतीला सरकवायची, सतरंज्या अंथरायच्या, चपला बाहेर काढायच्या. बायका एकीकडे, डोक्यावर पदर घेऊन. पुरुष दुसरीकडे. मग पेटी, तबला, झांजा, आणि भजन. भजन म्हटलं की अजूनही काही लोक दचकतात. येशूचं भजन झांजांवर म्हणायचं असतं हे मला इतकं स्वाभाविक होतं, की कॉलेजात पहिल्यांदा पियानोवरची उपासना ऐकली तेव्हा मला ती कुणाच्या तरी मयताची वाटली होती.

नाताळ आला की घरात करंज्या, चकल्या, अनारसे. आईच्या गळ्यात काळ्या मण्यांचं मंगळसूत्र, फक्त वाट्यांच्या जागी बोटाच्या पेराएवढा सोन्याचा क्रूस. तो पदराआड असायचा, दिसायचा नाही. दाखवायची गरज कुणाला होती?

करंज्या भरायला बसलो की अप्पा भिवाची गोष्ट सांगायचे. भिवा म्हणजे अप्पांचे पणजोबा, आमच्या घरातले पहिले ख्रिस्ती. गावकीचं काम करायचे, सुगीला खळ्यावरून बलुत्याचं धान्य घेऊन यायचे, त्यावर वर्ष निघायचं. बाप्तिस्मा घेतला त्या साली भिवा नेहमीसारखे खळ्यावर जाऊन उभे राहिले. धान्य मापणाऱ्यानं त्यांच्याकडे पाहिलं नाही. सगळ्यांची मापं झाली, पोती शिवली गेली, खळं झाडून झालं. भिवा दिवस मावळेपर्यंत तिथंच उभे होते म्हणे. मग रिकामी घोंगडी खांद्यावर टाकून घरी आले आणि बायकोला म्हणाले, “पेरणीपत्तुर देव बघंल.” ते वर्ष घर कशावर जगलं ते कुणीच सांगत नाही. अप्पाही गोष्ट इथंच थांबवायचे आणि हातातल्या करंजीची कड कातण्यानं नीट कातायला लागायचे.

ही गोष्ट मी लहानपणी इतक्यांदा ऐकली की मला तिचा कंटाळा यायचा. आज ती सांगणारं कुणी उरलं नाही, म्हणून मी सांगते.

मग ते दिवस आले. देशाची दारं उघडली, असं वर्तमानपत्रात यायचं. आमच्या गल्लीत ती दारं एसटीडी बूथच्या काचेची होती. मी बी. ए. होऊन त्या बूथवर बसायची. समोरच्या दुकानात परदेशी थंड पेयाच्या बाटल्या पुन्हा दिसायला लागल्या होत्या, छपरांवर तव्यासारख्या डिश उगवल्या होत्या, आणि दर थंडीत परदेशातून माणसं यायला लागली होती. पूर्वीचे मिशनरी यायचे ते राहायलाच. त्यांच्या बायकापोरांची थडगी इथं आहेत. हे नवे दहा-बारा दिवसांसाठी यायचे. याला मिशन ट्रिप म्हणतात हे आम्हाला त्यांच्याकडूनच कळलं. ट्रिप म्हणजे आम्हाला शाळेची सहल माहीत होती.

मला ते फार आवडले होते, हे मी लपवणार नाही. गोरे, उंच, हसरे लोक. कुणालाही मिठी मारायचे. आमच्यासारख्या वीसबावीस वर्षांच्या मुलींना नाव विचारून हात मिळवायचे. आमच्या मंडळीचे धर्मगुरू, पाळकसाहेब, मला म्हणाले, “एस्तेरबाई, तुमचं इंग्रजी चांगलं आहे, तुम्ही दुभाष्या व्हा.” एस्तेरबाई. त्या क्षणापर्यंत मी सगळ्यांची एस्तू होते.

त्यांचे पुढारी होते डेव्हिडसाहेब. चाळिशीचे, दाढीवाले, बोलता बोलता डोळ्यांत पाणी आणणारे. मी त्यांच्या शेजारी उभी राहून वाक्यामागून वाक्य मराठीत सांगायची. ते हात पसरायचे, मीही पसरायची. आई घरी येऊन म्हणायची, “तोंडानं सांगतीस ते बरं हाय, हात कशाला हलवतीस?”

बाकीचे पाहुणे स्टेशनाजवळच्या हॉटेलात उतरले होते. एक म्हाताऱ्या बाई तेवढ्या आमच्याकडे राहिल्या, रूथबाई. त्यांनाच घरी राहायचं होतं. दोन खोल्यांच्या घरात आईनं त्यांना पलंग दिला आणि आम्ही खाली झोपलो. रूथबाईंचे गुडघे दुखायचे, तरी त्या स्वयंपाकघरात पाटावर बसायच्या. करंजीची पारी लाटायला शिकल्या. त्यांची करंजी तेलात सुटायची, सारण सगळं कढईत. आई मराठीत रागवायची, त्या इंग्रजीत माफी मागायच्या, आणि दोघींचं छान चालायचं. संध्याकाळी दोघी प्रभूची प्रार्थना म्हणायच्या, एक मराठीत, एक इंग्रजीत. रूथबाईंची आधी संपायची. मग त्या डोळे मिटून थांबायच्या, आई आमेनपर्यंत पोचेतो. तेव्हा म्हणायच्या आमेन. एकच विश्वास, एकच देव, वेगळ्या देशांत, वेगळ्या भाषांत, असं डेव्हिडसाहेब व्यासपीठावरून रोज सांगायचे आणि मी रोज भाषांतर करायची. मला ते खरं दिसलं ते फक्त त्या थांबण्यात.

शेवटच्या संध्याकाळी अंबरपेठेत मोकळ्या जागेवर मांडव घालून सुवार्ता सभा ठेवली होती. पाळकसाहेबांनी पाहुण्यांना सांगितलं होतं की आजूबाजूचे पुष्कळ लोक येतील, ज्यांना येशू माहीत नाही असे. आजूबाजूच्या लोकांना त्यांचे उद्योग होते. कुणी आलं नाही. पाळकसाहेबांनी घाईघाईनं आपल्याच मंडळीला निरोप धाडले. सगळे आले, सणाचे कपडे घालून. अप्पा धोतर, सदरा, काळी टोपी घालून पुढच्या सतरंजीवर बसले. मांडव भरला. पाळकसाहेबांनी घाम पुसला आणि हे आपलेच लोक आहेत हे पाहुण्यांना सांगितलं नाही.

डेव्हिडसाहेब त्या दिवशी फार सुंदर बोलले. शेवटी म्हणाले, आज पहिल्यांदा ज्यांना येशूला आपल्या आयुष्यात घ्यायचं आहे, त्यांनी हात वर करावा. मी सांगितलं. मांडवात कुणी हललं नाही. हलणार कोण? सगळ्यांचे बाप्तिस्मे आईच्या मांडीवर असताना झालेले. साहेबांनी पुन्हा म्हटलं, मी पुन्हा सांगितलं. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एक पोरगं रडायला लागलं, त्याला बाहेर नेलं. साहेबांचं हसू तसंच होतं. ते तिसऱ्यांदा म्हणाले. आवाज थोडा बसला होता.

तेव्हा अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे, आणि हात वर केला.

मास्तरांनी केला म्हटल्यावर मागच्या दोन-तीन म्हाताऱ्यांनीही केले. साहेब खाली उतरले, अप्पांना त्यांनी मिठी मारली, दोघांची टोपी-चष्म्याची टक्कर झाली. हात वर असतानापासून कुणीतरी फोटो काढत होतं. नंतर चहा आणि करंज्या फिरवल्या. पाहुण्यांतल्या एका तरुणानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, हे मूर्तीपुढं ठेवलेलं तर नाही ना? मी हसले आणि म्हटलं, नाही, खा. त्यानं हातात धरली, पण खाल्ली नाही.

घरी आल्यावर आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “काय हो, आज ख्रिस्ती झालाव म्हणं? मग इतकी वर्षं मी कुणाबरोबर नांदायले?”

अप्पा टोपी खुंटीला अडकवत म्हणाले, “पाहुणा माणूस. समुद्र ओलांडून आला बिचारा. भरल्या मांडवात त्याचा हात रिकामा पाठवायचा का? आपल्या दारची रीत आहे का ती?”

“बरं बाई. उद्या नवा बाप्तिस्मा घ्या, मी करंज्या करते.”

आम्ही पोट धरून हसलो. रूथबाईंना मी सगळं समजावलं. त्या आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या आणि म्हणाल्या, हे डेव्हिडला सांगायला हवं. अप्पांनी मला सांगितलं, “त्यांना म्हणावं, अजिबात नको. त्या माणसाला वाईट वाटेल.” मी तसं सांगितलं. वर्षभर घरात ती थट्टा चालली. अप्पांना भाजीत मीठ जास्त लागलं की आई म्हणायची, नव्या ख्रिस्त्यांना चालत नाही होय?

पुढच्या थंडीत डेव्हिडसाहेब परत आले. रूथबाई नव्हत्या. त्या उन्हाळ्यातच वारल्या होत्या. आईनं त्यांच्यासाठी पाट धुऊन ठेवला होता, तो तसाच उभा केला. या वेळी साहेबांनी चित्रं दाखवायचं यंत्र आणलं होतं. गेल्या वर्षी देवानं काय केलं ते दाखवायचं होतं. सभा देवळातच होती, दिवे मालवून. भिंत चुन्याची, पोपडे निघालेली, म्हणून पडदा हवा होता. पांढरं, न डागाळलेलं, लांबरुंद कापड मंडळीत एकाकडेच होतं. अप्पा घरी जाऊन आपलं धुतलेलं धोतर घेऊन आले आणि दोन पोरांनी ते दुहेरी करून भिंतीवर ठोकलं.

चारमिनार आला, बैलगाडी आली, रिक्षात बसलेले साहेब आले, लोक हसले. आणि मग धोतरावर अप्पा आले. काळी टोपी, वर केलेला हात, मिटलेले डोळे.

साहेब बोलायला लागले. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

ते म्हणत होते की हा माणूस जन्मभर मूर्तींपुढं वाकला. याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अंधार होता. याच्या मुलीला आधी येशू भेटला, आणि ती मुलगी वर्षानुवर्षं बापासाठी गुपचूप रडून प्रार्थना करत राहिली. ती मुलगी इथंच माझ्या शेजारी उभी आहे. आणि त्या संध्याकाळी देवानं तिचं ऐकलं.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी बोलत नाही म्हणजे मला भरून आलंय, असं त्यांना वाटलं. मंडळी माझ्याकडे बघत होती. इंग्रजी कळणारे तिथं फार नव्हते. पण अप्पा मास्तर होते. त्यांना प्रत्येक शब्द कळला होता. अंधारात सतरंजीवरून त्यांचा आवाज आला, वर्गात यायचा तसाच.

“सांग एस्तू. ते म्हणाले ते सगळं सांग. दुभाष्यानं पदरचं घालू नये नि चोरूही नये.”

मी सांगितलं. जसंच्या तसं. मूर्ती, अंधार, रडणारी मुलगी. मागं कुणीतरी फिसकन हसलं, मग गप्प झालं. बायकांच्या बाजूला आईच्या बांगड्या वाजल्या. पुढचं चित्र येईपर्यंत अप्पा आपल्याच धोतरावर हात वर करून उभे होते, आणि खाली अप्पा पेटीवर दोन्ही हात ठेवून बसले होते.

सभा संपल्यावर पाळकसाहेब अप्पांजवळ आले. “सलाम मास्तर. मनाला लावून घेऊ नका. त्यांची सांगायची पद्धत असते. सध्या जागेची बोलणी चालू आहेत, आपल्या मंडळीला स्वतःचं देऊळ होईल.” अप्पा सरळ डेव्हिडसाहेबांकडे गेले, मी मागं मागं गेले. अप्पांचं इंग्रजी पुस्तकी होतं, सावकाश, पण पक्कं. त्यांनी भिवाची गोष्ट सांगितली. खळं सांगितलं, माप सांगितलं, रिकामी घोंगडी सांगितली. मग म्हणाले, “साहेब, मी काही सोडलेलं नाही. सोडायचं होतं ते त्यांनी सोडलं. मी नुसता त्यांच्या पुण्याईवर बसलोय.”

साहेबांनी अप्पांचे दोन्ही हात धरून सगळं ऐकलं. डोळे भरले त्यांचे. फार सुंदर गोष्ट आहे, म्हणाले. आणि मग खरोखर न कळून, अगदी प्रेमानं त्यांनी विचारलं, “पण त्या संध्याकाळी हात तर तुम्हीच वर केला होता ना?”

अप्पा माझ्याकडे वळले. मला वाटलं आता सांगतील. खरं उत्तर एकच होतं: साहेब, तुमची हाक रिकामी जात होती, तुमची लाज राखली. पण ते बोलायचं म्हणजे ज्याची लाज राखली त्याचीच त्याच्या माणसांसमोर काढायची. पाहुण्याला दिलेलं ताट पुन्हा ओढून घ्यायचं. माझे अप्पा मरून गेले असते, पण ते त्यांच्याच्यानं झालं नसतं.

“हो,” अप्पा म्हणाले. “मीच केला होता.”

बस्स. एवढ्यावर तो विषय मिटला. साहेबांच्या बाजूनं मिटला.

घरी जाताना रिक्षा केली नाही. काचीगुड्यातल्या देवळापासून आम्ही तिघं चालत होतो, धोतराची घडी अप्पांच्या काखेत. खिळ्यांनी त्याला वर चार भोकं पडली होती. अंबरपेठ जवळ आली तेव्हा अप्पा म्हणाले, “तिकडं पुष्कळ चर्चांत दाखवलं म्हणे हे.”

“दाखवू द्या की,” आई म्हणाली. “तिकडं कोण ओळखतंय तुम्हाला?”

“मला नाही गं. मी अंधारातून निघालो ना, माझं काय, मी सुटलो. पण मी अंधारात होतो म्हणजे माझा बाप अंधारातच गेला. आजा गेला. भिवा गेला. त्या लोकांच्या लेखी आपली सगळी माणसं हरवलेली मेली.”

आईनं पदर तोंडाला लावला. मी वळून पाहिलं नाही. मला तेव्हा डेव्हिडसाहेबांचा राग आला, पाळकसाहेबांचा आला, पण सगळ्यात जास्त राग अप्पांच्या चांगुलपणाचा आला. तो अजून गेलेला नाही. आपल्याकडे चांगुलपणाचं कौतुक फार. त्याची किंमत कोण भरतो ते मात्र कुणी विचारत नाही. भिवाला खळ्यावर गावानं माप नाकारलं होतं. त्यात निदान मान होता, वैर तरी होतं. इथं वैर नव्हतं, मिठी होती. मिठी मारून आमच्या चार पिढ्या पुसल्या.

साहेब निघायच्या दिवशी मी हॉटेलवर जाऊन त्यांना एकटीनं सगळं सांगितलं, अप्पांनी गिळलेलं वाक्यसुद्धा. त्यांचा चेहरा पडला. ते म्हणाले, मी तिकडं गेल्यावर नक्की दुरुस्त करीन. पुढच्या थंडीत ते आलेच नाहीत. कुठल्या तरी दुसऱ्या देशाची दारं उघडली होती, तिकडं गेले. त्यांनी दुरुस्त केलं की नाही ते मला माहीत नाही. केलं असेल असं मला वाटत नाही. धोतरातल्या ख्रिस्त्यानं पाहुण्याची लाज राखली, ही गोष्ट ऐकून कुठल्या चर्चात टाळ्या पडल्या असत्या?

मंडळीला स्वतःचं देऊळही झालं नाही. ध्वनिक्षेपक तेवढा मिळाला, आणि एक इलेक्ट्रिक पेटी. तरुण पोरं ती वाजवायला लागली. अप्पांनी आपली पेटी रविवारी घरून नेणं हळूहळू बंद केलं. भांडले नाहीत, रुसले नाहीत. कुणी विचारलं की म्हणायचे, भाता फाटलाय. भाता फाटलेला नव्हता. घरी ते रोज वाजवायचे.

अप्पा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या आजारात त्यांनी एकच मागणं केलं. “माझ्या दगडावर नुसतं माझं नाव घालू नका. भिवा, लाजर, शमुवेल आणि मी, शांतवन, चारी घाला. आणि चौघांपुढं ख्रिस्ती लिहा.” मी दगड कोरणाऱ्याकडे गेले तेव्हा तो वैतागला. “इत्ते नामां एक पत्थर पे कैसे बैठते अम्मा? और ये एकीच बात चार बार कायको?” मी म्हटलं, अक्षरं बारीक करा, पण चार वेळा लिहा. त्याला मराठी येत नव्हतं. मी जमिनीवर खडूनं काढून दाखवलं, त्यानं बघून कोरलं. अक्षरं वेडीवाकडी आहेत. थडग्यांमधून जाणारे थांबतात, वाचतात, आणि या मास्तरला कसली खात्री पटवायची होती, असा चेहरा करून पुढं जातात.

आमची दुपारची मराठी उपासना आता नाही. म्हातारे गेले, तरुण तेलुगू नि इंग्रजी चर्चांत पांगले. माझा नवरा तेलुगू ख्रिस्ती, त्यामुळे घरात तिन्ही भाषांची भेळ. माझी मुलगी जोआना कंपनीत आहे. मराठी बोलते, वाचायचं म्हटलं की अक्षरांवर बोट ठेवते. ती जाते ते चर्च हायटेक सिटीकडे आहे, गार हवेचं, खुर्च्यांचं, भिंतभर पडद्याचं. तिचा विश्वास खोटा नाही. ती मनापासून गाते, मनापासून रडते. मी तिला काही म्हणत नाही. भिवाची गोष्ट मी तिला एकदा सांगायला घेतली होती, तेव्हा तिचा फोन वाजला.

परवा, याच नोव्हेंबरात, ती तीन दिवस बाहेर जाऊन आली. चर्चच्या तरुणांची मिशन ट्रिप. कुठं, तर जालन्याच्या पुढं, खेड्यांत. गावाचं नाव तिनं घेतलं तेव्हा माझ्या हातातलं कातणं थांबलं. आमच्या गावापासून ते गाव हाकेच्या अंतरावर. मी नाताळच्या पहिल्या करंज्या करत होते. ती ओट्यावर चढून बसली, दमलेली, आनंदी, उन्हानं लाल झालेली.

“मम्मा, इट वॉज अमेझिंग. मराठी येणारी मी एकटीच, सो मीच ट्रान्सलेट केलं सगळं. लास्ट मीटिंगला कोणीच रिस्पॉन्ड करत नव्हतं. आमचा लीडर तर परेशान, माझा पण आवाज बसला. आणि मग एका आजीनं हात वर केला. फर्स्ट टाइम, मम्मा. हे बघ.”

मी पिठाचे हात पुसले आणि फोन घेतला. म्हातारी माझ्या आईच्या वयाची, असती तर. डोक्यावर पदर, हातात हिरव्या बांगड्या, हात वर, डोळे मिटलेले नाहीत. ती कुणाकडे तरी बघत होती. बहुतेक माझ्या मुलीकडेच. हात वर करताना पदर जरा सरकला होता. मी दोन बोटांनी फोटो मोठा केला. काळ्या मण्यांत, वाट्यांच्या जागी, बोटाच्या पेराएवढा क्रूस होता.

“हिनं तुम्हाला काही खायला दिलं?”

“हौ, करंजी. सेम हेच. पण टीममधले म्हणाले प्रसाद असेल, आयडॉलसमोर ठेवलेला. सो आम्ही कुणी खाल्लं नाही. बॅगेत ठेवलं.”

“नाव काय तिचं?”

“नाव नाही विचारलं. पण आम्ही रोज प्रे करतो तिच्यासाठी.”

मी गॅस बारीक केला आणि तिला सगळं सांगितलं. मांडव, धोतर, खळं, दगडावरची चारी नावं. फोटोतला क्रूस दाखवला. या वेळी तिचा फोन माझ्याच हातात होता, त्यामुळे वाजला तरी तिला घेता आला नसता. ती ऐकत राहिली. शेवटी कपाळाला आठी घालून, खरोखर न कळून म्हणाली, “पण मम्मा, हात तर तिनंच वर केला ना?”

अप्पांना जे बोलता आलं नाही ते मी बोलले. समोर पाहुणा नव्हता, माझी मुलगी होती.

“तो हात तिनं देवासाठी वर केला नव्हता जोआना. तुझ्यासाठी केला होता. तुझा आवाज बसत चालला होता म्हणून.”

ती फोनकडे बघत राहिली. कढईतली करंजी करपायला लागली, ती मी काढली. मी म्हटलं, हा फोटो रविवारी दाखवू नकोस. आधी जाऊन नाव विचारून ये, मी येते बरोबर.

“मम्मा,” ती हळूच म्हणाली, “मी बसमधूनच पाठवला तो.”

“कुणाला?”

“सगळ्यांना.”